मराठी शब्दकोडं

शब्दकोडं म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांच्या जाळीत आडवे आणि उभे शब्द बसवायचा खेळ. जन्म न्यूयॉर्कचा, २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पेपरात आर्थर विन यांनी पहिलं कोडं छापलं आणि ते चौकोनी नव्हतंच, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं.

मराठीत आल्यावर सगळा फरक पडला तो घरामुळे. इंग्रजीत एका घरात एक लेटर, आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर, काना-मात्रा-वेलांटी-जोडाक्षर सगळ्यासकट, त्यामुळे 'महाराष्ट्र' चारच घरं खातो, म-हा-रा-ष्ट्र. शब्द आखूड होतात, दोन-तीन घरांच्या शब्दांची गर्दी होते, पण आडवा-उभा जिथे एकमेकांना कापतात तिथे कोडं रचणाऱ्याचा घाम निघतो, कारण नुसता 'व' जुळून भागत नाही, वेलांटीपण तीच लागते. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार एरवी दीर्घच लिहितात, म्हणजे आडवा शब्द 'कवी'वर संपला की त्या घरातून खाली वीज, वीट, वीणा उतरेल, विमान किंवा विहीर नाही. काही जण ऱ्हस्व-दीर्घ चालवून घ्या म्हणतात, माझ्या मते ती सरळ पळवाट आहे. 'चिमा काय कामाची' उलटसुलट सारखंच वाचता येतं असं आपण लहानपणापासून ऐकतो, ते घरांत भरून बघा, पहिली चि आणि शेवटची ची, फसलं! 'ती होडी जाडी होती' मात्र चोख बसतं.

क्लू बहुतेक समानार्थी शब्दांचे असतात. 'कमळ (३)' दिसलं की मुरलेला माणूस शेवटच्या घरात पेन्सिलने हलकाच 'ज' टाकून ठेवतो, कारण पंकज, नीरज, सरोज, अंबुज सगळे पाण्याचिखलात जन्मलेले म्हणून 'ज'वर संपणारे, आणि मग उत्तर निघतं राजीव. घोडा म्हटलं की हय, अश्व, वाजी, तुरग. एरवी कुणी घोड्याला हय म्हणत नाही पण कोड्यात तो रोज धावतो.

मधल्या काळात बक्षिसांच्या कोड्यांचं पेव फुटलं होतं. त्यांत एका क्लूला दोन-दोन शब्द चालायचे आणि बरोबर कुठलं ते आधीच सीलबंद ठेवलेल्या उत्तरावर ठरायचं, म्हणजे नशिबाचाच खेळ. त्यावर १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा आला, महिन्याला एकूण १,००० रुपयांच्या वर बक्षीस नाही, आणि १९५७ ला सुप्रीम कोर्टाने तो नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांपुरता आहे असं सांगून कायम ठेवला.

खरी मजा श्लेषाच्या क्लूमध्ये आहे आणि ती मराठीत अजून म्हणावी तेवढी वापरली जात नाही. 'घाईतला ढग (३)' याचं उत्तर जलद, कारण संस्कृतातून आलेला जलद म्हणजे पाणी देणारा, ढग, आणि अरबीकडून आलेला जलद म्हणजे भरभर. किंवा 'नदी उलटी वाहिली की गरीब (२)', उत्तर दीन, इथे क्लू देणाऱ्याची वेलांटी चुकून 'दिन' झाली तर गरिबाच्या जागी दिवस उगवतो.