शेरीच्या पिंपात शेरी किती?

"भावोजी, रंग बघा नुसता! कोऱ्या चहासारखा. पंचवीस वर्षांची तरी असणार." धाकट्या मेव्हण्याने एडिंबराहून आणलेली बाटली ट्यूबलाइटसमोर धरली होती. बाटली होती अ‍ॅबरलाउअर अबूना या स्कॉच व्हिस्कीची, आणि तिच्यावर वयाचा आकडाच छापलेला नसतो. पण रंग गडद म्हणजे माल जुना, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की आकडा नसला तरी लोक तो रंगावरून काढतात.

तर आधी रंगाचं बघू. स्कॉच भट्टीतून उतरते तेव्हा पाण्यासारखी नितळ असते. तिला रंग येतो तो ओकच्या पिंपातून. कायद्याने ती स्कॉटलंडमध्येच, जास्तीत जास्त ७०० लिटरच्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावी लागते. त्यानंतर तिच्यात दोनच गोष्टी घालता येतात. एक पाणी आणि दुसरी ई१५०ए, म्हणजे साखर करपवून केलेला रंग. जर्मनीत हा रंग घातला असेल तर लेबलवर तसं लिहावं लागतं, म्हणून शौकीन लोक जर्मन लेबलं शोधून वाचतात. बरं, रंग घातला नसेल तरीही तो वय सांगत नाही. कोऱ्या दमाच्या पिंपात ८ वर्षांत जो रंग चढतो, तो तीनदा वापरून झालेल्या पिंपात ३० वर्षांतही चढत नाही. तीच चहापत्ती तिसऱ्यांदा उकळून बघा.

हे सगळं मेव्हण्याला सांगून पटेना, म्हणून रविवारी प्रयोगच लावला. चार व्हिस्क्या घेतल्या. ग्लेनड्रॉनॅक १२, ग्लेनफारक्लास १५ आणि ही अबूना, या तिन्ही शेरीच्या पिंपात मुरलेल्या आणि तिन्हींत वरून रंग नाही. चौथी ग्लेनमोरंजी १०. ती बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातली, रंगाने फिक्या गवतासारखी. ती कशासाठी, ते पुढे येईल. रंग दिसू नये म्हणून आधी स्टीलची फुलपात्रं काढली, पण ती वाया गेली. तोंड रुंद, त्यामुळे वास नाकापर्यंत यायच्या आत खोलीभर पसरतो. शेवटी खाली फुगीर आणि वर निमुळते असे काचेचे पेले घेऊन त्यांना इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळली.

पण चव घेण्याआधी 'शेरी' या शब्दाचा निकाल लावायला हवा. शेरी म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या हेरेस गावाच्या आसपासची, वरून द्राक्षाचं मद्यार्क घालून तगडी केलेली वाइन. ओलोरोसो ही तिची हवेशी संबंध ठेवून मुरवलेली, अक्रोडासारख्या वासाची जात, आणि पेद्रो शिमेनेस ही उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी दाट आणि गोड. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना शेरीचं भारी वेड. ती ब्रिस्टल, लंडन, लीथच्या बंदरांत पिंपांतून यायची आणि तिथे बाटल्यांत भरली जायची. रिकामी पिंपं परत स्पेनला पाठवणं परवडायचं नाही. स्कॉटिश भट्टीवाल्यांनी ती स्वस्तात उचलली. शेरीच्या पिंपाची सारी थोर परंपरा अशी भंगाराच्या भावातून सुरू झाली.

१९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचा नियम आला आणि हा पुरवठा आटला. आता काय करतात? हेरेसमधले कारागीर नवी कोरी पिंपं बांधतात, आतून आगीवर शेकतात, त्यांत साधारण वर्ष-दोन वर्षं शेरी भरून ठेवतात आणि मग ती स्कॉटलंडला धाडतात. म्हणजे पिंप शेरीसाठी नसतंच, शेरीच पिंपासाठी असते. तिचं काम झालं की ती बहुतेक वेळा व्हिनेगर किंवा ब्रँडीच्या वाटेला जाते. उलट शेरीवाले स्वतःची शेरी ज्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात, ती इतकी जुनी असतात की त्यांच्या लाकडात देण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्यांना तेच हवं असतं, कारण वाइनला लाकडाची चव लागलेली त्यांना खपत नाही. 'अस्सल' शेरीचं पिंप व्हिस्कीच्या दृष्टीने जवळजवळ मेलेलं पिंप.

५०० लिटरच्या पिंपाच्या लाकडात काही लिटर शेरी मुरून राहते. ती व्हिस्कीत उतरते, गोडवा आणि रंग देते, हे खरं. पण आपण ज्याला 'शेरीची चव' म्हणतो, त्यातलं बरंचसं ओकचं देणं आहे. त्यातही ओक कुठला, ते महत्त्वाचं. अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये लॅक्टोन जास्त, त्यांचा वास ओल्या खोबऱ्यासारखा. युरोपियन ओकमध्ये लॅक्टोन कमी, टॅनिन भरपूर. शेरीचं पिंप या दोन्हींपैकी कुठल्याही झाडाचं असू शकतं, आणि लेबलवर मोठ्या अक्षरात नाव येतं ते शेरीचं.

आता माझा आवडता भाग. ओकच्या लाकडात मुख्यतः चार मंडळी असतात. सेल्युलोज नुसतं उभं राहतं. हेमिसेल्युलोज शेकताना फुटतं आणि त्याच्या साखरा करपून कॅरॅमलचा, भाजक्या बदामाचा वास देतात. लिग्निन तुटत तुटत शेवटी व्हॅनिलिन होतं. व्हॅनिलाच्या शेंगेत असतो तोच हा रेणू. चौथं टॅनिन. तुरट लागणं म्हणजे काय, ते हिरडा चघळलेल्या माणसाला सांगायला नको. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं, जिभेवरचं वंगण जातं आणि तोंड खरखरीत होतं. हिरड्याने कातडी कमावतात तीही याच गुणावर, आणि हिरड्यातली टॅनिन्स नि ओकमधली टॅनिन्स रसायनशास्त्राच्या हिशेबात एकाच घराण्यातली आहेत.

पण तुरटपणा ही टॅनिनची बारीकशी कामगिरी. मोठी कामगिरी ऑक्सिजनशी आहे. पिंपाच्या फळ्यांतून, सांध्यांतून हवा सतत आत झिरपत असते. ऑक्सिजन एवढा जहाल, मग तो अल्कोहोलला लगेच का खात नाही? कारण ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकटे, एकाच दिशेची फिरकी घेऊन बसलेले असतात. अल्कोहोलमधले इलेक्ट्रॉन मात्र उलट फिरकीच्या जोड्यांत नांदतात. अशी अख्खी जोडी ऑक्सिजनला एकदम स्वीकारता येत नाही, पुंजयांत्रिकीचा नियम आडवा येतो. त्याला एकेक इलेक्ट्रॉन सुटा हवा. इथे दलाल लागतो, आणि तो दलाल म्हणजे तांबं. व्हिस्कीच्या भट्ट्या तांब्याच्या, त्यांतून लिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात तांबं व्हिस्कीत येतं. टॅनिनच्या कड्यांवर शेजारी शेजारी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात, ते एक इलेक्ट्रॉन तांब्याला देतात. तांबं तो ऑक्सिजनला देतं, रिकामं होतं, पुन्हा टॅनिनकडे हात पसरतं. ऑक्सिजनचं होतं सुपरऑक्साइड, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड. हे पेरॉक्साइड धातूच्या मदतीने फुटून अल्कोहोलला गाठतं आणि त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. काही अ‍ॅसिटाल्डिहाइड अल्कोहोलच्याच आणखी दोन रेणूंशी जुळून अ‍ॅसिटाल होतं आणि उग्रपणा निवळतो. काही पुढे जाऊन अ‍ॅसिटिक आम्ल होतं, ते अल्कोहोलशी जुळून फळासारख्या वासाचं इथाइल अ‍ॅसिटेट होतं. युरोपियन ओकच्या पिंपात टॅनिन जास्त म्हणून हा कारखानाही जास्त जोरात. (तांब्याच्या लोट्यातल्या पाण्याने 'एनर्जी' मिळते म्हणणाऱ्यांसाठी: हे तांबं कुणाला काही देऊन जात नाही. इकडून घेतं, तिकडे देतं.)

फिरकीपाशी कुणी निसटलं असेल तर हरकत नाही, मेव्हणाही तिथेच निसटला होता. पेल्यांकडे वळू.

ग्लेनड्रॉनॅक सर्वांनी लगेच ओळखली. तिच्यात ओलोरोसोबरोबर पेद्रो शिमेनेसची पिंपंही असतात. काळे मनुके, खजूर आणि मागून हलकं आलं. ग्लेनफारक्लासला संत्र्याची वाळलेली साल, अक्रोड, आणि शेवटी जिभेच्या कडांना हिरड्याची आठवण. मला हीच सर्वांत आवडली. ती गोडाच्या मागे लपत नाही. अबूनाने मात्र आधी नाकच जाळलं. ती पिंपातून निघते तशी, ६० टक्क्यांच्या आसपास भरतात. ३० मिलिलिटरमध्ये दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर पाणी घातलं की ती ४५ टक्क्यांवर येते, आणि पेला बदलल्यासारखा वाटतो. लवंग वर येते, उसाच्या रसाची कढई वर येते. पाणी घातलं की व्हिस्की मेली म्हणणाऱ्यांना हे दाखवावं. २०१७मध्ये स्वीडनमधल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंची हालचाल मांडून बघितली. अल्कोहोल जास्त असेल तर ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू अल्कोहोलच्या घोळक्यात वेढला जातो. ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली तो पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाच्या बाजूला राहतो. अर्थात त्यांनी एकच रेणू तपासला, पेल्यात तर शेकड्यांनी असतात.

एका पेल्यात काकांना (खालच्या मजल्यावरचे, आयुष्यभर ओल्ड माँकवाले) दिवाळीतल्या टिकल्यांचा वास आला. त्यांचं नाक चुकलं असं मी म्हणणार नाही. रिकामं पिंप बुरशी धरू नये म्हणून आत गंधक जाळण्याची पद्धत आहे, आणि त्याचा माग कधीकधी व्हिस्कीत राहतो. कुणाला तो असह्य होतो, कुणाला त्याशिवाय शेरीचं पिंप अपुरं वाटतं.

आणि चौथा पेला. पहिल्या फेरीत टेपमधून ग्लेनमोरंजी सर्वांनी बिनचूक वेगळी काढली: व्हॅनिला, लिंबू, 'ही शेरीवाली नाही'. मग स्वयंपाकघरात जाऊन मी चमचाभर साखर काळी होईपर्यंत करपवली, पाण्यात विरघळवली, त्याचे दोन थेंब त्याच व्हिस्कीत टाकले आणि उघड्या काचेच्या पेल्यात, नवी पाचवी बाटली म्हणून पुढे केली. मेव्हणा म्हणाला, "अंजीर. आणि थोडा कोको." काकांना मनुके लागले. फ्रान्समध्ये मोरो, ब्रोशे आणि द्यूबूर्द्यू यांनी २००१मध्ये छापलेला प्रयोग याच जातीचा. बोर्दोच्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग घातलेली पांढरी वाइन दिली, आणि ते वाइन शिकणारेच विद्यार्थी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत करत बसले. डोळे आधी बोलतात, नाक मान डोलावतं.

म्हणून लिलावाच्या बातम्या फॉरवर्ड होऊन आल्या की मला हसू येतं. शेरीच्या पिंपात मुरलेली, १९२६ची मॅकॅलन १९८६मध्ये बाटलीत भरली, ४० बाटल्या निघाल्या. त्यातली एक नोव्हेंबर २०२३मध्ये लंडनला २१ लाख पौंडांच्या वर गेली. बाटलीत गेल्यावर व्हिस्की मुरत नाही. १९८६नंतर त्या बाटलीत वाढली ती फक्त किंमत. औषधी गुणांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की दारूचं निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही. ओकमधली अँटिऑक्सिडंट्स त्याला अपवाद नाहीत.

वय हा आकडा किती लवचिक आहे, ते गोव्यात कळतं. कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या भट्टीतही ओलोरोसो आणि पेद्रो शिमेनेसच्या पिंपांत सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीतल्या, मोड आणलेल्या जवाच्या व्हिस्क्या मुरतात. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडून जातं, गोव्याच्या उकाड्यात सुमारे ८ टक्के. तिकडे याला देवदूतांचा वाटा म्हणतात. ५०० लिटर भरले तर १५ वर्षांनी स्कॉटलंडात साधारण ३७० उरतील, गोव्यात जेमतेम १४०. त्यामुळे आपल्याकडे पंधरा वर्षं कुणी थांबत नाही, आणि उष्णतेने लाकडातली देवाणघेवाणही वेगात होत असल्याने थांबायची गरजही पडत नाही.

पेले रात्री तसेच राहिले. हे मुद्दाम करण्यासारखं आहे. अल्कोहोल रातोरात उडतं आणि काचेला चिकटून राहतात ते फक्त जड, सावकाश उडणारे रेणू: व्हॅनिलिन, लॅक्टोन, युजेनॉल. पिंपाने काय दिलं ते सकाळच्या रिकाम्या पेल्यात सर्वांत स्वच्छ कळतं. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. थेंबही न पिणाऱ्या बायकोने भांडी घासायला घेताना ग्लेनफारक्लासचा पेला नाकाशी नेला आणि म्हणाली, "दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटतंय." आदल्या रात्रीच्या आमच्या सगळ्या वर्णनांत हे सर्वांत अचूक होतं.