बिग

बिग हे आकारमान सांगणारे इंग्रजीतील रोजच्या वापराचे विशेषण. ढोबळ अर्थ ‘मोठा’. लिखित इंग्रजीत हा शब्द १३००च्या सुमारास, प्रथम उत्तर इंग्लंडमध्ये आढळतो. व्युत्पत्ती अनिश्चित असली तरी स्कँडिनेव्हियन बोलींशी त्याचा संबंध जोडला जातो. आरंभीचा अर्थ बलदंड, धट्टाकट्टा असा होता. ‘कँटरबरी टेल्स’ या कथाकाव्याच्या प्रस्तावनेत चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर पिठाच्या गिरणीवाल्याला स्नायूंनी आणि हाडांनी ‘बिग’ म्हणतो, तिथे त्या गड्याची ताकदच अभिप्रेत आहे. आकाराचा अर्थ पुढे रुळला.

त्याचे दोन शेजारी लार्ज आणि ग्रेट. फ्रेंचमधून आलेला लार्ज मुळात ‘सढळ हाताचा’, तर ग्रेट जुन्या इंग्रजीत ‘जाडाभरडा’. आज लार्ज मोजमापाकडे झुकतो: शर्टाच्या कॉलरमागच्या पट्टीवर तोच असतो, पुष्कळ संख्येलाही ‘अ लार्ज नंबर’ म्हणतात. ग्रेट भावनेला आणि गुणाला लागतो: ग्रेट प्लेझर, ग्रेट केअर. बिग बोलण्यातला, घरगुती. महत्त्व सांगायला हाच लागतो. बिग मिस्टेक, बिग डिसिजन हे सहज वाटते, ‘लार्ज मिस्टेक’ कानाला खटकते. हा भेद व्याख्या पाठ करून येत नाही. कोणते नाम कोणाबरोबर नांदते ते ऐकून, वाचूनच अंगवळणी पडते, आणि शिकवतानाही या जोड्यांवरच भर हवा.

मराठीतला ‘मोठा’ याहून ऐसपैस आहे. थोरल्या भावाला बिग ब्रदर चालते, मात्र मोठा आवाज ‘लाउड’ आणि मोठा पाऊस ‘हेवी’ होतो. ‘लाल मोठी बस’ आपल्याकडे खपते. इंग्रजीत आकार रंगाच्या आधी, म्हणून ‘बिग रेड बस’. बिगर, बिगेस्ट ही तुलनादर्शक रूपे लिहिताना ‘जी’ दोनदा येतो.

हा साधा शब्द विज्ञानाच्या परिभाषेतही जाऊन बसला आहे. विश्वाचा आरंभ एका क्षणी झाला या कल्पनेला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीच्या नभोवाणी भाषणात ‘बिग बँग’ म्हटले. त्यांना स्वतःला ती कल्पना मान्य नव्हती, तरी नाव टिकले. केंब्रिजमधील त्यांचे विद्यार्थी आणि पुढे सहकारी जयंत नारळीकर यांनीही या सिद्धांताला पर्याय शोधला. मराठीत बिग बँगला ‘महास्फोट’ म्हणतात.