पिंगुळी : ठाकर लोककलांचे केंद्र

पिंगुळी हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील गाव. मुंबई-गोवा महामार्गावर कुडाळ शहराला लागूनच ते आहे. राऊळ महाराजांच्या मठामुळे भाविकांची येथे नेहमी ये-जा असते. गावाची दुसरी ओळख गुढीपूर वाडीतील ठाकर समाजाने टिकवलेल्या सादरीकरणाच्या कलांमुळे झाली आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या तिन्ही कला एकाच वस्तीत, एकाच समाजाच्या हातांत आढळाव्यात, असे ठिकाण महाराष्ट्रात विरळाच. येथे कला पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. तिच्यासाठी स्वतंत्र वास्तू मात्र २००६ मध्ये उभी राहिली, आणि तीही गुरांच्या गोठ्यातून.

सावंतवाडी संस्थानाच्या काळात या कलावंतांना राजाश्रय होता. त्याहून मोठा आधार देवळांचा होता. नवरात्रात आणि इतर उत्सवांत देवळात जागर करायचा, देवापुढे कथा सांगायची आणि त्याबद्दल गावाकडून धान्य, नारळ, बिदागी घ्यायची, असा व्यवहार ठरलेला असे. त्यामुळे ही कला करमणुकीइतकीच देवकार्यातही मोडत होती. शिवकाळात या फिरत्या कलावंतांनी गुप्तहेरांचे काम केले, अशी आठवण समाजात आजही सांगितली जाते. गावोगाव मुक्त संचार असणाऱ्या माणसांबद्दल अशी कथा रुजणे स्वाभाविकच आहे.

चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवत गाऊन सांगितलेली कथा. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा जो गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. कागदावरची दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सादरीकरणाच्या वेळी कापडात बांधलेली पोथी सोडली जाते. मुख्य कथेकरी जमिनीवर बैठक मारतो, चित्र समोर फळीच्या आधाराने उभे करतो आणि वीणेच्या साथीने गाऊ लागतो. एक साथीदार हुडूक हे छोटे चर्मवाद्य वाजवतो, दुसरा टाळ धरतो आणि दोघेही मागून सूर ओढतात. प्रारंभी गणपती आणि सरस्वती यांची चित्रे लावून नमन होते, मग आख्यान सुरू होते. प्रसंग पुढे सरकला की चित्र बदलते. पद्य गायचे, मग त्याचा अर्थ बोलीत उलगडून सांगायचा, पुन्हा पद्याकडे वळायचे, अशी ही लय आहे. पात्रांचे संवाद कथेकरी एकटाच आवाज पालटून म्हणतो.

आख्याने रामायण-महाभारतातली असली तरी ती ग्रंथातली जशीच्या तशी नसतात. अहिरावण-महिरावणासारखी, वाल्मीकींच्या रामायणात नसलेली कथानके येथे मोठ्या आवडीने सांगितली जातात. लोकांनी शतकानुशतके ऐकून, घोळवून आपलीशी केलेली ही महाकाव्ये आहेत. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला पिंगुळीची पोथी मोलाची वाटते ती यामुळेच.

चित्रांची शैली पाहताक्षणी ओळखू येते. चेहरे बाजूने दाखवलेले, डोळे मोठे व टपोरे, रेषा ठसठशीत, अंगावर दागिन्यांची आणि वस्त्रांची बारीक नक्षी. पार्श्वभूमी जवळजवळ नसतेच. पात्रांनीच कागद भरून जातो. देवळातल्या दिव्याच्या उजेडात, मागे बसलेल्यालाही राम कोणता आणि रावण कोणता हे कळायला हवे, ही गरज या मांडणीमागे असावी असे चित्रे पाहताना वाटते. रंग परंपरेने खनिजांपासून व वनस्पतींपासून केले जात. या शैलीतील काही संग्रह पैठण परिसरातून मिळाल्यामुळे अशा चित्रांना दीर्घकाळ ‘पैठणची चित्रे’ म्हटले गेले आणि पिंगुळीचे नाव मागे पडले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात या चित्रांचा संग्रह आहे.

कळसूत्री बाहुल्या लाकडाच्या असतात. त्या रंगीत वस्त्रांनी सजवून, वरून दोऱ्यांनी हलवल्या जातात. चामड्याच्या बाहुल्या पातळ केलेल्या कातड्यातून कापून रंगवतात आणि त्यांना छिद्रे पाडून दागिन्यांची नक्षी साधतात. पांढऱ्या पडद्यामागे दिवा ठेवला की रंगासह सावली पडद्यावर उमटते. याखेरीज राधानृत्य, पांगुळ, गोंधळ हे प्रकारही या समाजात आहेत.

संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजाश्रय संपला. पुढे सिनेमा आणि दूरचित्रवाणी आली, वाडीतली तरुण मुले मुंबईची वाट धरू लागली. त्याच देवळांच्या जत्रांत दशावतारी नाटक मात्र गर्दी खेचत राहिले. त्यात तलवारीची लढाई होती, झगमगता वेश होता, रात्रभराचा जल्लोष होता. चित्रकथी ही शांतपणे बसून ऐकायची कला. तिचा श्रोता आधी उठून गेला. पोथ्या माळ्यावर गेल्या, काही कसरीने खाल्ल्या, काही संग्राहकांच्या हाती पडल्या.

या उतरत्या काळात ज्यांनी कला सोडली नाही, त्यांत परशुराम आत्माराम गंगावणे यांचे काम सर्वांत मोठे आहे. सुमारे पाच दशके त्यांनी या कला स्वतः सादर केल्या आणि इतरांना शिकवल्या. जुनी चित्रे, बाहुल्या आणि वाद्ये सांभाळली. २००६ मध्ये घराजवळचा गुरांचा गोठा नीटनेटका करून त्यांनी तेथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय सुरू केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, आणि पिंगुळीचे नाव देशभर पोहोचले.

‘आंगण’ हे नाव अगदी योग्य आहे. कोकणी घरात खळ्यात, म्हणजे अंगणात, भात झोडतात, तेथेच लग्नाचा मांडव पडतो, तेथेच रात्री गजाली, म्हणजे गप्पा, रंगतात. येथेही जुन्या पोथ्या आणि बाहुल्या पाहून झाल्या की त्याच आवारात खेळ मांडला जातो, आणि मघाशी भिंतीवर पाहिलेली वस्तू कलावंताच्या हातात हलू-बोलू लागते. वस्तू आणि तिचा वापर यांची अशी सांगड मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांना क्वचितच साधते.

केंद्राच्या वाढीला परिस्थितीनेही हात दिला. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कुडाळ स्थानकामुळे दूरचे अभ्यासक व प्रवासी येथे सहज उतरू लागले. शाळांच्या सहली येतात, चित्रकथीच्या कार्यशाळा होतात. बाहुल्यांच्या खेळांत स्वच्छता, व्यसनमुक्ती असे विषयही मांडले जातात. चित्रांना स्वतंत्र मागणी निर्माण झाली असून ती घरात लावण्यासाठी विकत घेतली जातात.

या मागणीने कुटुंबांच्या हाती पैसा येतो, हे महत्त्वाचेच आहे. मात्र भिंतीवर टांगलेले एकटे चित्र ही पोथी नव्हे. पोथीतले चित्र आधीच्या आणि नंतरच्या चित्राशी, आणि मुख्य म्हणजे गाण्याशी, बांधलेले असते. रेषा शिकायला हात लागतो, तो कार्यशाळेत तयार होऊ शकतो. अख्खे आख्यान मुखोद्गत व्हायला जाणत्याशेजारी टाळ धरून वर्षानुवर्षे बसावे लागते. गुढीपुरात पुढची पिढी चित्रे काढते, बाहुल्या नाचवते आणि जाणत्यांच्या मागे सूरही धरते.