खटला थांबतो तो फौजदारी न्यायालयात. देशाबाहेर काढण्याच्या कारवाईत नव्हे

अमेरिकेतील स्थलांतरितांविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा एक वाक्य वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटते: आरोपी मनोरुग्ण ठरला, त्यामुळे त्याची हद्दपारी टळली. मुळात ज्याला देशाबाहेर काढायचे असते तो त्या कारवाईत आरोपी नसतो. ‘हद्दपारी’ या शब्दाविषयीही माझी जुनी तक्रार आहे, कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली गुंडाला जिल्ह्याबाहेर घालवतात ती हद्दपारी. त्याला दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात बिऱ्हाड मांडता येते. पण शब्दांचे राहू द्या. त्या वाक्यातील ‘त्यामुळे’ हीच खरी चूक आहे.

फौजदारी बाजू वाचकाला ठाऊकच आहे. कृत्य करतेवेळी मन ठिकाणावर नसेल तर तो गुन्हाच ठरत नाही: भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम ८४. खटल्याच्या वेळी स्वतःचा बचाव करता येत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ३६७ व ३६८, आणि खटला तहकूब. अमेरिकेतही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६० सालच्या डस्की निकालापासून हेच पाहिले जाते की आरोपीला आपल्यावरील खटला समजतो का आणि वकिलाशी तो सुसंगतपणे बोलू शकतो का. तसे नसेल तर खटला थांबतो, आणि १९७२ सालच्या जॅक्सन निकालाप्रमाणे, तो कधीतरी बरा होईल या आशेवर त्याला अनिश्चित काळ डांबून ठेवता येत नाही.

परदेशी माणसाला देशाबाहेर काढायचे का हे ठरवणाऱ्या इमिग्रेशन न्यायालयाची कसोटी वरवर पाहता अगदी अशीच आहे, आणि घोळ तिथेच होतो. या न्यायालयांवरील अपिले ऐकणाऱ्या इमिग्रेशन अपील मंडळाने ती मे २०११ मध्ये मूळच्या जमैकाच्या एका माणसाच्या प्रकरणात घालून दिली. नाव आणि जन्मतारीख यांसारख्या साध्या प्रश्नांनाही तो अडखळला होता आणि आपल्याला स्किझोफ्रेनिया असल्याचे त्याने स्वतःच न्यायाधीशांना सांगितले होते. मंडळ म्हणाले की कारवाईचे स्वरूप आणि हेतू माणसाला कळतो का, वकील असल्यास त्याच्याशी सल्लामसलत करता येते का, आणि पुरावा मांडण्याची व साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची वाजवी संधी त्याला मिळते का, हे पाहावे. निव्वळ आजाराचे निदान म्हणजे असमर्थता नव्हे, हेही मंडळाने स्पष्ट केले. ‘मनोरुग्ण’ हा शब्द सरसकट फेकणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आता कसोटीचे उत्तर नकारार्थी आले असे धरा. फौजदारी न्यायालयात जिथे खटला थांबतो, तिथे इमिग्रेशन न्यायालयात ‘संरक्षक उपाय’ सुरू होतात आणि कारवाई पुढे चालते. न्यायाधीश नातेवाईक शोधायला सांगू शकतो, तारीख पुढे ढकलू शकतो, सुनावणी बंद दाराआड घेऊ शकतो, स्वतः प्रश्न विचारून पुरावा उभा करायला मदत करू शकतो. नेमके काय करायचे, हे बरेचसे त्याच्याच विवेकावर सोडलेले आहे. (हा न्यायाधीश न्यायपालिकेचा नसून न्याय विभागाचा कर्मचारी असतो, हे जाता जाता.) या साऱ्याचे मूळ असे की, देशाबाहेर काढणे ही शिक्षा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १८९३ सालीच ठरवून टाकले. शिक्षा नाही म्हणून कारवाई दिवाणी स्वरूपाची, आणि दिवाणी म्हणून सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा घटनात्मक हक्कही नाही. कायद्याने त्या माणसाला स्वतःचा वकील लावता येतो, पण सरकारला तोशीस न लावता.

ही विषमता प्रत्यक्षात कशी दिसते ते पाहा. फौजदारी आरोपी तोंड मिटून बसला तरी गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारवरच राहते. इथे मात्र तो माणूस परदेशी नागरिक आहे हे सरकारने एकदा दाखवले की आश्रय किंवा अन्य सवलतीला आपण पात्र आहोत हे त्यालाच सिद्ध करावे लागते, आणि तेही बहुधा स्वतःच्या साक्षीने. ज्याच्या साक्षीचा धागा दर दोन वाक्यांनी तुटतो, त्याची साक्ष अविश्वसनीय ठरायला वेळ लागत नाही. हे ओळखून मंडळाने २०१५ मध्ये सांगितले की अशा अर्जदाराने सांगितलेली भीती त्याच्या मनात खरोखरच आहे, असे सर्वसाधारणपणे धरून चालावे. ती भीती वस्तुस्थितीला धरून आहे का, हा प्रश्न मात्र तरीही उरतोच.

मग इथेही सरळ कारवाई थांबवावी, असे सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मला ते पटत नाही. कॅलिफोर्नियातील एका बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाची कारवाई २००५ मध्ये अशीच थांबवली गेली, आणि फाइल बंद झाली तरी तो २०१० पर्यंत कोठडीतच राहिला, कारण थांबलेल्या प्रकरणाला पुढची तारीख नसते आणि तारखेविना कोणाला त्याची आठवण होत नाही. त्याच्याच दाव्यातून संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीश डॉली गी यांचा एप्रिल २०१३ चा आदेश आला: कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि वॉशिंग्टन या राज्यांत कोठडीत असलेल्या, स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्या अशा व्यक्तींना सरकारने पात्र प्रतिनिधी, म्हणजे वकील किंवा तत्सम जाणकार, द्यावा. या आदेशाला आधार मिळाला तो अपंगांविषयीच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचा. तहकुबीपेक्षा वकील मोलाचा, असे मी म्हणतो ते यासाठीच.

प्रतिनिधी नसेल तेव्हा काय होते, हे संघराज्याच्या नियमावलीत छापलेले आहे. असमर्थ व्यक्तीच्या वतीने वकील, पालक, जवळचा नातेवाईक किंवा मित्र उभा राहू शकतो. यांपैकी कोणीच सापडले नाही, तर ती व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे त्याला तिच्या वतीने हजर राहण्याची विनंती करावी. म्हणजे कोठडीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, तोच कैद्याच्या बाजूने उभा. त्याच नियमावलीत पुढे असेही लिहून ठेवावे लागले आहे की, ज्या संस्थेत ती व्यक्ती बंदी किंवा रुग्ण म्हणून आहे, त्या संस्थेच्या अधिकाऱ्याने दिलेली कबुली न्यायाधीशाने स्वीकारू नये.