पाण्याने फुगलेली फळी पुन्हा बसत का नाही?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, गणपती पेठ हा सगळा पट्टा पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर लोकांनी घराघरांतून बाहेर काढलेल्या फर्निचरमध्ये फरक उघड दिसत होता. सागवानी कपाटाचे सांधे ढिले झाले, दारं अडकायला लागली, पण वाळल्यावर मिस्त्रीने रंधा मारला की ते पुन्हा वापरात आलं. पार्टिकल बोर्डाचं टेबल मात्र कडेने फुगलं, सनमायका उचलला गेला आणि हात लावला की भुसा गळू लागला. ते उन्हात कितीही दिवस ठेवा, फळी मूळ जाडीवर येत नाही. असं का होतं, हे कळलं तर दुकानात प्लाय, एमडीएफ, ब्लॉकबोर्ड या नावांच्या गर्दीत निवड सोपी होते.

लाकडाला ओलावा आवडतो. हवेत दमटपणा वाढला की लाकडाच्या पेशींच्या भिंती पाणी ओढून जाड होतात, हवा कोरडी झाली की ते सोडतात. महाबळेश्वर, पाटणच्या पावसाळ्यात दार घट्ट बसतं आणि माण-खटावच्या उन्हाळ्यात त्याच दाराला फट पडते, ती यामुळे. गंमत अशी की लाकूड सगळीकडे सारखं हलत नाही. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत पाच-दहा टक्के आकसू शकतं, लांबीत मात्र एक टक्काही नाही. प्लायवूड याच गुणावर उभं आहे. लाकडाचे पातळ पापुद्रे सोलून एकाचे रेषे आडवे, दुसऱ्याचे उभे असे चिकटवले की प्रत्येक थर शेजारच्या थराला रुंदीत हलू देत नाही. थरांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे मधल्या थराच्या दोन्ही अंगांना ताण सारखा राहतो आणि फळी वाकत नाही.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाची गोष्ट वेगळी आहे. एमडीएफमध्ये लाकूड वाफवून त्याचे तंतू सुटे करतात, पार्टिकल बोर्डमध्ये बारीक तुकडे वापरतात. त्यांत गोंद मिसळून गरम प्रेसखाली दाबलं की फळी तयार. या दाबाखाली तंतू चेपले जातात आणि गोंद त्यांना तसंच धरून ठेवतो. पाणी आत शिरलं की दोन गोष्टी एकदम होतात: तंतू पाणी पिऊन फुगतात आणि गोंदाची पकड सैल झाली की चेपलेले तंतू आपल्या मूळ आकाराकडे उसळतात. पहिली फुगवण वाळल्यावर उतरते. दुसरी उतरत नाही, कारण पुन्हा चेपायला प्रेस कुठून आणणार? प्लायमध्ये पापुद्रे एवढे चेपलेले नसतात, म्हणून गोंद शाबूत असेल तर प्लाय वाळून जवळपास पहिल्यासारखा होतो.

माझ्या मते ग्राहक लाकडाची जात विचारण्यात जेवढा वेळ घालवतो, त्यातला अर्धा वेळ तरी त्याने गोंदावर घालवायला हवा. आतल्या वापराच्या स्वस्त फळ्यांत युरिया फॉर्मल्डिहाइड असतं. ते रंगाने फिकट, झटपट पकडणारं आणि स्वस्त. पण ऊब आणि ओल एकत्र आली की त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात. फिनॉल फॉर्मल्डिहाइड तपकिरी-लालसर दिसतं, महाग पडतं, पण त्यातले बंध पाण्याने तुटत नाहीत. आयएस ७१० या मानकाच्या मरीन प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं, ते याच गोंदाच्या जोरावर. आयएस ३०३ खाली येणारा एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे ओलावारोधक) दर्जाचा प्लाय दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही.

फळीवरचा लाल रंग बघून फसू नका, रंग वरून चढवता येतो. शिक्काही कुणी छापू शकतो. आयएसआय चिन्हाजवळचा सीएम/एल क्रमांक (परवान्याचा नंबर) भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना कोणत्या कारखान्याचा आणि कोणत्या मालासाठी आहे ते दिसतं. तेवढं दुकानात उभ्या उभ्या होतं. आणखी खात्री हवी असेल तर दुकानदाराकडून तळहाताएवढा तुकडा मागून घ्या. जुन्या पातेल्यात, घराबाहेर, चांगला आठ तास उकळा, मग वाळवा. आता थरांच्या सांध्यात पटाशी घालून उचकटा. थर सुटताना लाकडाचे रेषे फाटून दोन्ही बाजूंना चिकटलेले दिसले, तर लाकूड हरलं आणि गोंद जिंकला, माल चांगला. थर गुळगुळीत, स्वच्छ सुटून आला तर गोंदाने हात टेकलेत. प्रयोगशाळेत गोंद तपासण्याची एक पद्धत अशीच असते.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मरीन प्लाय म्हणजे पूरप्रूफ फर्निचर नव्हे. गोंद टिकला तरी लाकूड पाणी पितंच आणि लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. जिथे घरात पाणी येण्याचा इतिहास आहे, तिथे स्वयंपाकघरातले खालचे कप्पे कडप्प्याचेच बरे. प्लाय वर, भिंतीवरच्या कपाटांना वापरा. बेसिनखालीही कडप्पाच.

पाणी फळीत शिरतं ते बहुतेक कडेने. वरून सनमायका असतो, पण स्क्रूची भोकं, बिजागरीची खाच आणि जमिनीला टेकलेली खालची कड उघडी राहते. मिस्त्रीला सांगून कापलेली प्रत्येक कड पट्टीने किंवा रंगाने बंद करून घ्या, विशेषतः जी दिसत नाही ती. सनमायकाही दोन्ही बाजूंनी हवा, आतून पातळ लायनर चालेल. फक्त बाहेरून लावला तर आतली बाजू ओल घेते-सोडते, बाहेरची नाही, आणि कपाटाचं उंच दार, म्हणजे शटर, वर्षभरात कमान धरतं. सहा-सात फुटी शटरला मी ब्लॉकबोर्डच सुचवेन. त्याच्या गाभ्यात लाकडाच्या पट्ट्या उभ्या लांबीत असतात, वजन कमी पडतं आणि शटर सरळ राहतं.

एमडीएफला नावं ठेवण्यात अर्थ नाही. रेषे नसल्यामुळे त्यावर नक्षी स्वच्छ कोरली जाते आणि रंग काचेसारखा बसतो. देवघराची जाळी, टीव्हीमागचं पॅनेल अशा कोरड्या जागी तो प्लायपेक्षा सरस आहे. त्याच्या कडेत स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडावं लागतं, नाहीतर कड फाटते. पुस्तकांच्या फळीला मात्र तो नको, भाराखाली हळूहळू झोळ धरतो. प्लाय घेतला तरी गणित लक्षात ठेवा. आधारांमधलं अंतर दोन फुटांवरून तीन फूट केलं की तेवढ्याच दाट लावलेल्या पुस्तकांखाली फळी पाचपट लवते. उलट जाडी १२ वरून १८ मिलिमीटर केली तर झोळ तिपटीहून जास्त कमी होतो. वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीत येतील असं कापून घ्या, आडवे नकोत.

नवीन कपाट उघडल्यावर डोळ्यांना झोंबतो तो फॉर्मल्डिहाइड वायू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. युरियाच्या गोंदातून तो जास्त सुटतो आणि उष्म्यात आणखी. लहान मुलांच्या खोलीसाठी हा वायू कमी सोडणारी ई-१ किंवा ई-० दर्जाची फळी मागा, सगळ्या कडा बंद करा आणि पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा.

आपल्या भागातल्या उसाच्या चिपाडांपासूनही बोर्ड होतो. अमेरिकेत लुईझियानात तो १९२० च्या दशकापासून बनू लागला. झाड न तोडता मिळणारा हा कच्चा माल साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मुबलक आहे, आणि त्याला इथे चांगले दिवस यावेत असं मला मनापासून वाटतं. अडचण एकच: चिपाडातला भुसभुशीत गर पाणी फार ओढतो, तो नीट वेगळा काढला नाही तर बोर्ड फुगतो. असा बोर्ड घेण्याआधी तुकड्याची जाडी मोजा, तो २४ तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पुन्हा मोजा आणि दोन-तीन कंपन्यांच्या तुकड्यांत सगळ्यात कमी फुगलेला निवडा.