चित्रपट्टी : भावंडे आणि खेळणी

दोन-तीन भावंडे आणि त्यांच्यातले एखादे खेळणे, एवढ्या ऐवजावर तीन-चार चौकटींत पुरी होणारी विनोदी चित्रकथा. पात्रे तीच राहतात आणि त्यांची वये सहसा वाढत नाहीत. भांडण मात्र रोज नवे लागते, आणि ते खेळण्यातूनच निघावे लागते. ही नोंद कोल्हापूरच्या घरांतली भावंडे व तिथली खेळणी धरून आहे.

वृत्तपत्री चित्रपट्टीत भावंडे आरंभापासून आहेत. रुडॉल्फ डर्क्स यांची ‘द काट्झेनजॅमर किड्स’ ही दोन व्रात्य भावांची पट्टी अमेरिकेत १८९७ मध्ये सुरू झाली. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’मध्ये (१९५०) थोरली ल्यूसी आणि धाकटा लायनस यांच्यात खेळण्याची जागा एका पांघरुणाने घेतली. त्या पट्टीच्या चारही चौकटी सारख्या मापाच्या असत. त्यामुळे संपादकाला ती आडवी, उभी किंवा दोनावर दोन अशी कशीही लावता येई. आज मोबाइलच्या उभ्या पडद्यासाठी हीच सोय उपयोगी पडते.

मापे. छापील रुंदी १६ सेंमी असेल तर मूळ चित्र दुपटीने, म्हणजे ३२ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच काढतात. चौकटींमध्ये ६ मिमीच्या तीन मोकळ्या जागा सोडल्या की प्रत्येक चौकट साधारण साडेसात सेंमीची होते. कच्चे काम फिकट निळ्या पेन्सिलीने करतात. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ती रेघ उमटत नाही. त्यावर पाण्याने न पसरणारी काळी शाई. स्कॅन ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके) खाली नको. चित्र निम्मे झाल्यावर रेषाही निम्मी होते, म्हणून मूळ रेषा ०.४ मिमीपेक्षा बारीक ठेवू नये. छायेच्या रेघा एकमेकींना फार चिकटल्या तर वृत्तपत्री कागदावर शाई पसरून तिथे नुसता काळा डाग पडतो.

फुगे. संवाद आधी लिहावा आणि फुगा त्याभोवती काढावा. उलट केले की शेवटचा शब्द कोंबावा लागतो. देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकाच जागेसाठी भांडतात. म्हणून ६ मिमी उंचीच्या अक्षराला दोन ओळींत किमान १०-११ मिमी अंतर लागते. या हिशेबाने एका ओळीत बारा-तेरा अक्षरे आणि तीन ओळींत दहाएक शब्द बसतात. फुग्याने चौकटीची वरची एक-तृतीयांश जागा घेतली इथवर ठीक. त्याहून जास्त घेतली तर पोरे गळ्यापासून खाली दिसू लागतात. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडे किंवा वर हवा. म्हणून पात्रे कुठे उभी राहणार हे संवाद ठरल्याशिवाय ठरवू नये.

कोल्हापुरी बोलीत फुग्याच्या शेपटीवर नेहमीपेक्षा जास्त भार येतो. इथल्या अनेक मुली स्वतःविषयी ‘मी जातो’, ‘मी फिरवतो’ असेच बोलतात. प्रमाण मराठीत ‘फिरवते’ वाचूनच बहीण बोलते आहे हे कळते, इथे क्रियापद काही सांगत नाही. शेपटीचे टोक तोंडाकडे नेमके वळलेले नसेल तर संवाद भावाच्या खात्यात जातो. मुद्रितशोधकाने ‘फिरवतो’चे ‘फिरवते’ केले तर गोंधळ मिटतो, पण पोरगी कोल्हापूरची राहत नाही. ‘लगा’ (म्हणजे ‘लेका’) आणि ‘की’ यांचा मारा मात्र टाळावा. प्रत्येक फुग्यात ‘काय लगा’ आले की ती बोलीची नक्कल वाटते. संबोधनेही जपून वापरायची असतात. भांडण तापले की धाकटी भावाला नावाने हाक मारते, आणि भोवरा हवा असला की पुन्हा ‘दादा’ म्हणते. शेवटच्या चौकटीत नुसत्या ‘दादा’वर विनोद उभा राहू शकतो.

खेळणी. चित्रकार बहुधा इथेच चुकतात: चेहरे मन लावून काढतात आणि खेळणे अंदाजाने.

भोवऱ्याचे लाकडी अंग खाली निमुळते असते आणि टोकाला लोखंडी आर असते. जाळी, म्हणजे त्याची दोरी, आरेपासून वर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळतात आणि मोकळे टोक बोटात अडकवतात. चित्रात जाळी वरून खाली गुंडाळलेली दिसली की भोवरा खेळलेला वाचक पट्टी तिथेच सोडतो. वेढे सैल असतील तर जाळी निसटते आणि भोवरा फिरण्याऐवजी आडवा लोळतो. थोरल्याने धाकट्याला मुद्दाम सैल गुंडाळून दिला, एवढी एक गोष्ट चार चौकटींना पुरते. जोरात फिरणारा भोवरा ताठ काढावा आणि त्याचे रंगीत पट्टे आडव्या सलग रेघांनी दाखवावेत. वेग उतरला की तो कलतो, त्याचा माथा मोठमोठे गोल घेऊ लागतो. माथ्याभोवती दोन-तीन तुटक वर्तुळे काढली की ‘आता पडणार’ हे लिहावे लागत नाही. आवाजासाठी ‘गर्रर्र’ पुरे.

मातीच्या बैलाला तारीख असते. बेंदूर हा इथला बैलांचा सण. कोल्हापूर भागात कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात येतो. श्रावण अमावस्येचा पोळा इथला नव्हे, त्यामुळे अंकाची तारीख पाहून बैल काढावा. कुंभाराकडून आणलेल्या बैलाची पूजा झाली की पोरांचा डोळा त्याच्यावर असतो. कच्च्या मातीचा बैल जाड, आखूड पायांचा असतो. माती सुकताना आकसते, आणि बारीक भाग आधी सुकत असल्याने शिंगाच्या व पायाच्या सांध्याशी तडा जातो. शिंग पहिल्यांदा तिथूनच तुटते. आषाढी पावसात तो अंगणात राहिला तर सकाळी चिखल. हे दोन अपघात खरे. बैल ‘खळ्ळकन’ फुटला असे दाखवू नये, तो आवाज काचेचा.

गोट्या या मापात ठिपक्याएवढ्या होतात. त्या न काढता फुगलेला खिसा काढावा. विटी-दांडूला एकच चौकट लांब करावी लागते आणि सारख्या चौकटींची सोय जाते. सावंतवाडीच्या लाकडी, रंगीत भातुकलीचे रंग काळ्या-पांढऱ्या पट्टीत हरवतात. ती रविवारच्या रंगीत पानासाठी ठेवावी.

सातत्य. एका वहीत प्रत्येक खेळण्याचे पुढून, बाजूने आणि वरून असे चित्र, त्याची मुलाच्या तळहाताशी तुलना आणि झालेली मोडतोड तारखेनिशी नोंदवतात. सोमवारी बैलाचे डावे शिंग गेले असेल तर गुरुवारी तेच गेलेले हवे. चित्र आडवे उलटवून पुन्हा वापरले की डावे शिंग उजवे होते. वाचकांची पत्रे बहुतेक अशाच शिंगावरून येतात.