शोलो आणि पेरूचा बिनकेसांचा कुत्रा: दोघांत फरक काय?

काळपट गुळगुळीत कातडी, मोठे उभे कान, कपाळावर असला तर केसांचा छोटा झुबका. असा फोटो दिसला की कुणी त्याला मेक्सिकोचा शोलो म्हणतं, कुणी पेरूचा कुत्रा. गोंधळ होणं साहजिक आहे. फॉक्सआय-3 या जनुकातला एकच बदल या दोन्ही जातींचे केस घालवतो, हे 2008 मध्ये सिद्ध झालं. चायनीज क्रेस्टेड या बिनकेसांच्या तिसऱ्या जातीतही तोच बदल सापडला. म्हणजे तिघांचा कुठला तरी पूर्वज एकच.

शरीरावरून ओळखायचं तर खूण ठोस नाही. दोघेही लहान, मध्यम आणि मोठ्या आकारात असतात. पेरूचा कुत्रा जरा सडपातळ, ग्रेहाउंडच्या अंगाचा वाटतो आणि त्याच्या कातडीवर गुलाबी डाग बरेचदा दिसतात. डाग शोलोवरही असू शकतात, त्यामुळे एवढ्यावर पैज लावू नये. माझ्या मते खरा फरक इतिहासात आहे.

शोलोइत्स्क्विंत्ली हे पूर्ण नाव अ‍ॅझ्टेकांच्या नाउआत्ल भाषेतलं. त्यात शोलोत्ल हा देव आणि कुत्रा हे दोन शब्द आहेत. सोळाव्या शतकात मेक्सिकोत आलेल्या बेर्नार्दिनो दे साआगून या धर्मोपदेशकाने या बिनकेसांच्या कुत्र्यांना रात्री पांघरूण घालत असल्याची नोंद केली आहे. मेलेल्या माणसाला पाताळातली नदी पार करून देणारा कुत्राही त्याच्याच लिखाणात येतो. पांढरा कुत्रा नेायला नकार देतो, म्हणतो, मी आत्ताच अंग धुतलंय. काळाही नकार देतो, म्हणतो, माझ्या अंगाला काळं लागलंय. पाठीवर घेऊन नेतो तो पिवळसर कुत्रा. हा कुत्रा शोलोच होता असं आज सर्रास सांगितलं जातं, पण त्या कथेत भर रंगावर आहे, केस नसण्यावर नाही. पश्चिम मेक्सिकोतल्या कोलिमाच्या थडग्यांतले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे मातीचे गुबगुबीत कुत्रेही पुरावा म्हणून दाखवतात. मला ते फार आवडतात, पण मातीच्या कुत्र्याला केस होते की नव्हते, हे ठरवणार कसं?

विसाव्या शतकाच्या मध्यावर शोलो जवळजवळ संपला होता. 1954 मध्ये काही अभ्यासक मेक्सिकोतल्या गेरेरो राज्याच्या दुर्गम भागात बाल्सास नदीकाठी गेले, तिथल्या गावांतून चांगले कुत्रे शोधून आणले आणि त्यांच्यापासून पैदास सुरू झाली. फ्रीडा कालो आणि दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकार जोडप्याच्या घरीही शोलो होते. अमेरिकन केनेल क्लबने मात्र 1959 मध्ये ही जात यादीतून काढली. ती परत आली थेट 2011 मध्ये.

पेरूच्या कुत्र्याला लोक इंका साम्राज्याशी जोडतात. त्याच्या खुणा मात्र मोचे, चिमू आणि चांकाय या किनारपट्टीवरच्या संस्कृतींच्या मातीच्या भांड्यांवर आहेत, आणि मोचे तर इंकांच्या कित्येक शतकं आधीचे. स्पॅनिश राजवटीनंतर त्याची फार आबाळ झाली. तरीही किनाऱ्यावरची माणसं त्याला सांभाळत राहिली, संधिवात झाला की त्याला कुशीत घेऊन शेकत राहिली. त्याच्या अंगाला हात लावला तर ते गरम लागतं, कारण मध्ये केस नाहीत; शरीराचं तापमान मात्र इतर कुत्र्यांइतकंच. 1985 मध्ये आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने त्याला मान्यता दिली, आणि 2001 मध्ये पेरूने कायदा करून त्याला राष्ट्रीय वारसा ठरवलं. लिमातल्या वाका पुक्याना या प्राचीन स्थळावर आज हे कुत्रे पाळले आहेत.

पाळणाऱ्यांसाठी दोन्ही जाती सारख्याच. केस घालवणारा बदल दातांवरही उतरतो, त्यामुळे दाढा कमी असणं हा आजार नाही. उन्हात कातडी भाजते, थंडीत अंगावर काहीतरी घालावं लागतं. आणि दोन बिनकेसांच्या कुत्र्यांची जोडी लावली, तर सरासरी चौथा हिस्सा गर्भ जन्माआधीच मरतात. त्याच जातीचा केसाळ जोडीदार घेतला तर हे टळतं आणि साधारण निम्मी पिल्लं बिनकेसांची निघतात. म्हणून या जातींत जन्मणाऱ्या केसाळ पिल्लांना अशुद्ध म्हणून टाकून देणं साफ चूक आहे.